मुखपृष्ठावर कोणते नाव? परके वाटणाऱ्या नावाच्या नवलेखकांसाठी

संहिता पुरी होते, प्रकाशक विचारतो, "नाव काय छापायचं?" आणि जन्मभर निमूट सोबत असलेले नाव एकदम प्रश्न होऊन पुढ्यात बसते. आईवडील एका भाषेचे आणि लेखन दुसऱ्या भाषेत. लग्नाने आलेले आडनाव तिसऱ्याच मुलखातले. किंवा मोठेपणी शिकलेल्या भाषेत लिहिण्याचे धाडस केलेले. वाचक नावापाशी अडखळेल, अनुवाद समजून पुस्तक बाजूला ठेवेल, दुकानात मागायला लाजेल, अशा शंका येऊ लागतात. त्या सगळ्याच खोट्या नसतात. मग घाईघाईत लोक एका संध्याकाळी सोपेसे, गुळगुळीत, कुठल्याच मातीचा वास नसलेले नाव ठरवून मोकळे होतात. तिथे मात्र गडबड होते.

माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून ठेवलेले बरे. शक्य तोवर आपले नाव राखावे; ते अडत असेल तर त्यातलेच काही घडवून घ्यावे; संपूर्ण नवे नाव सर्वांत शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. कुठल्याही पायरीवर काम झाले की पुढच्या नावशोधाच्या पायऱ्या सोडून थेट तपासणी आणि कागदपत्रांवर यावे.

पायरी १ : अडचण नेमकी कोणती ते शोधा

"माझे नाव परके वाटते" हे एक वाक्य दिसते, पण त्यात निदान चार तक्रारी गुंडाळलेल्या असतात. वाचकाला नाव उच्चारता येत नाही, ही एक. उच्चारता येते पण लिहिता येत नाही, म्हणून शोधता येत नाही, ही दुसरी. नाव कोणते आणि आडनाव कोणते हेच कळत नाही, ही तिसरी. आणि चौथी सर्वांत अवघड: नाव नीट वाचता येते, पण ते वाचून लोक लेखकाबद्दल भलताच ग्रह करून घेतात. चारही दुखण्यांना एकच औषध चालत नाही. शुद्धलेखनाची अडचण असलेला माणूस नावच बदलतो, ते पायात काटा रुतला म्हणून पाय कापण्यासारखे.

कागदावर नाव छापून पाच जणांना दाखवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. दुसऱ्या पाच जणांना ते फोनवर एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. दोन दिवसांनी सगळ्या दहा जणांना विचारा, नाव काय होते? ही माणसे जवळची नसावीत. घरच्यांच्या तोंडी तुमचे नाव बसलेलेच असते. सगळे एकाच जागी चुकत असतील तर दुखणे छोटे आहे, एखाद्या अक्षराची दुरुस्ती पुरेल. प्रत्येक जण वेगळ्या जागी चुकत असेल तर मोठे आहे. आणि वाचताना सगळे अडखळले, पण दोन दिवसांनी नाव आठवले, तर अभिनंदन. असे नाव सोपे नसले तरी चिकट आहे, आणि मुखपृष्ठावर चिकट नावाची किंमत सोप्या नावापेक्षा जास्त असते. सोपी नावे वाचली जातात आणि विसरली जातात.

पायरी २ : काहीच न बदलण्याचा पर्याय गंभीरपणे तपासा

परकेपणा नावात नसतो, ऐकणाऱ्याच्या कानात असतो, आणि कान फार लवकर सरावतो. काझुओ इशिगुरो वयाच्या पाचव्या वर्षी, १९६० साली, जपानमधून इंग्लंडला आले, इंग्रजीतच लिहू लागले, आणि नाव जपानीच राहू दिले. २०१७ साली त्यांना नोबेल मिळाले, तोवर ते नाव कुणाला अवघड वाटेनासे होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अडिची यांच्या नावाचे तिन्ही शब्द अखंड छापले जातात. वाचकांनी ते शिकून घेतले.

मराठी वाचकाने तर याची उलटी बाजूही पाहिली आहे. माणिक गोडघाटे हे घरगुती नाव बाजूला ठेवून एका कवीने 'ग्रेस' हे नाव घेतले. माधव पटवर्धनांनी 'माधव ज्यूलियन' अशी सही केली. आपण दोन्ही नावे इतक्या सहज उच्चारतो की त्यांच्यात परके काही आहे हे मुद्दाम आठवावे लागते. फ्रान्सिस दिब्रिटो यांचे पोर्तुगीज वळणाचे आडनाव मराठी पुस्तकांवर आहे तसेच राहिले आणि त्याने वाचक दुरावले नाहीत.

नाव राखायचे ठरले तर वाचकाला थोडी मदत करा. लेखक-परिचयात उच्चार एका ओळीत द्या, वाचकाच्या ओळखीच्या शब्दाशी यमक जुळवून दिलात तर उत्तम. पहिल्याच मुलाखतीत स्वतः नाव स्पष्ट उच्चारा. सूत्रसंचालकाने चुकवले तर हसून दुरुस्त करा. "कसंही म्हणा, चालेल" असे सौजन्य दाखवू नका. तुम्हालाच चालत असेल तर तो चुकीचा उच्चार कायमचा होतो.

पायरी ३ : आपल्याच नावाच्या पेटीत हात घाला

बदल हवाच असेल तर आधी घरात शोधा. एका कागदावर तुमच्या मालकीची सगळी नावे लिहा: जन्मनाव, मधले नाव, आईचे माहेरचे आडनाव, आजीआजोबांची नावे, घरातले लाडाचे नाव, धर्मविधीत ठेवलेले नाव, आद्याक्षरे. बहुतेकांना इथेच उत्तर सापडते.

याचा नमुना म्हणजे जोसेफ कॉनरॅड. पूर्ण नाव युझेफ तेओदोर कॉनराड कोझेन्योवस्की. पोलिश ही मातृभाषा, मग फ्रेंच, आणि इंग्रजी तिसरी. १८९५ साली पहिली कादंबरी आली तेव्हा त्यांनी आडनाव गाळले आणि मागचे कॉनराड पुढे ओढून त्यालाच आडनावाच्या जागी बसवले. काही उसने आणले नाही. इंग्रज वाचकाची जीभ मोकळी झाली आणि घरचा धागाही तुटला नाही. फ्रेंच कवी गीयोम अपोलिनेर यांचेही तेच. तेही पोलिश घराण्यातले, आडनाव कोस्त्रोवित्स्की. जन्मनावांच्या लांबलचक माळेत एक अपोलिनारे होते, ते त्यांनी आडनाव केले आणि विल्हेल्मचे फ्रेंच रूप गीयोम पुढे लावले. दोघांच्या बाबतीत कुणी विचारले असते, "हे तुमचेच नाव का?" तर होय म्हणता आले असते. होय म्हणता येणे हीच या पायरीची कसोटी.

लांब आडनाव तोडायचे असेल तर तोडलेला तुकडा मूळ भाषेत काय अर्थ देतो ते त्या भाषेच्या माणसाला विचारा. आडनावाचा पूर्वार्ध गोंडस वाटतो आणि नेमका तोच तिथे शिवी असतो, असे होऊ शकते.

आद्याक्षरांबद्दल सावध राहा. मराठीत आद्याक्षरांना हाकेचे मोल आहे, नुसत्या 'पु. ल.' या दोन अक्षरांत अख्खा माणूस उभा राहतो. इतर भाषांतल्या वाचकाला ती कोरडी वाटू शकतात. शिवाय अवघड भाग आडनाव असेल तर पुढचे नाव आकसून काय साधणार? आद्याक्षरे कामी येतात ती लेखक स्त्री की पुरुष हे उघड करायचे नसेल तेव्हा. १९९७ साली 'हॅरी पॉटर'च्या लेखिका जोअन रोलिंग यांना प्रकाशकाने आद्याक्षरे सुचवली ती त्याच हिशेबाने. मधले नावच नसल्याने आजी कॅथलीनचे 'के' त्यांनी उसने घेतले.

पायरी ४ : अक्षरे आणि क्रम एकदाच ठरवा

ही कंटाळवाणी पायरी आहे. टाळली जाते, आणि सर्वांत जास्त नुकसान हीच करते.

नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेताना एकाहून अधिक रूपे संभवतात. रोमन लिपीत दीर्घ 'आ'साठी एक अक्षर की दोन, 'व'साठी कोणते अक्षर, 'श' आणि 'ष' वेगळे दाखवायचे का, शेवटचा 'अ' लिहायचा की गिळायचा. पासपोर्टवर एक रूप, पहिल्या कथेवर दुसरे, पुस्तकावर तिसरे अशी तीन रूपे झाली की शोधयंत्राच्या लेखी तीन लेखक झाले. अक्षरांच्या डोक्यावर किंवा पायाशी खुणा असलेल्या लिपीतून नाव येत असेल तर खुणा ठेवायच्या की नाहीत हेही आत्ताच ठरवा. ठेवल्यात तर खुणांशिवाय टाइप करूनही पुस्तक सापडते का, ते विक्रीच्या आणि ग्रंथालयांच्या यादीत स्वतः तपासा. काही ठिकाणी सापडते, काही ठिकाणी नाही.

क्रमाचा घोळ वेगळाच. हंगेरियन, चिनी, जपानी पद्धतीत आडनाव आधी येते. जपान सरकारने २०२० पासून आपल्या इंग्रजी कागदपत्रांतही जपानी नावे आडनाव आधी या क्रमाने लिहायला सुरुवात केली. त्याआधी उलटा क्रम रूढ होता. म्हणजे एकाच माणसाचे नाव दोन्ही क्रमांनी छापलेले सापडते. स्पॅनिशमध्ये दोन आडनावे असतात: गार्सिया मार्केझ यांचे पुस्तक ग्रंथालयात 'जी'च्या फळीवर असते, 'एम'च्या फळीवर शोधणारा रिकाम्या हाताने परततो. आइसलँडमध्ये बहुतेकांना आपण समजतो तसे आडनावच नसते, तिथल्या याद्या पहिल्या नावाने लागतात. तुमचे नाव अशा एखाद्या रचनेचे असेल तर प्रकाशकाला लेखी कळवा: "मला या शब्दाखाली लावा." त्याने स्वतः ओळखावे ही अपेक्षा धरू नका.

पायरी ५ : संपूर्ण नवे नाव घ्यायचेच असेल तर

काही कारणे खरी असतात. घरच्यांना किंवा नोकरीला लेखनाचा त्रास होऊ नये. एका प्रकारच्या लेखनाचा वाचक दुसऱ्या प्रकारात भांबावू नये. किंवा चौथी तक्रार, पूर्वग्रहाची. तिथे मी कुणाला "धीर धरा" म्हणणार नाही, कारण ज्याचे हस्तलिखित नावावरून परत येते त्याला ते कळते.

अशा वेळी निदान दहा नावांची यादी करा आणि ती आठवडाभर पडून राहू द्या. एरिक ब्लेअर यांनी पहिल्या पुस्तकाच्या वेळी चार नावे सुचवून पाठवली होती; त्यांतले जॉर्ज ऑर्वेल टिकले आणि १९३३ साली छापले गेले. उरलेल्या तिघांपैकी एक होते 'एच. लुईस ऑलवेज'. यादी का करावी, हे त्या एका नावावरून कळावे.

प्रत्येक नाव तीन तऱ्हांनी घासून पाहा. वीस वेळा सही करा. गर्दीत कुणाला तरी त्या नावाने हाक मारायला सांगा आणि आपण वळतो का ते बघा. आणि त्या नावाने चार ओळींचा स्वपरिचय लिहा. तिसऱ्या परीक्षेत बरीच नावे गळतात, कारण परिचय लिहिताना आपोआप एक खोटे गाव आणि खोटे बालपण रचले जाऊ लागते. तिथेच थांबायचे.

पायरी ६ : ओलांडू नये अशी रेघ

जिभेला सोपे पडावे म्हणून नाव बदलणे एक, आणि दुसऱ्या समाजाचा माणूस असल्याचे भासवणे दुसरे. यातला फरक नवख्यांच्या लक्षात येत नाही असे नाही, पण मोहाच्या क्षणी तो पुसट होतो.

२०१५ साली अमेरिकेत वर्षातल्या निवडक कवितांच्या एका प्रतिष्ठित संग्रहात 'यी-फेन चौ' या नावाची कविता घेतली गेली. कवी गोरा अमेरिकन निघाला. त्याने स्वतःच टिपणात लिहिले की ही कविता त्याच्या खऱ्या नावाने चाळीस वेळा आणि या चिनी नावाने नऊ वेळा परत आली होती, त्यानंतर ती छापली गेली. संपादकाने कविता संग्रहात राहू दिली, पण केवढे वादळ उठले! आज त्या कवितेतली एकही ओळ फारशी कुणी सांगू शकणार नाही, नाव मात्र सगळ्यांना माहीत आहे.

यावर कुणी म्हणेल, मग परकी नावे असलेल्यांनी बहुसंख्याकांचे नाव घेतले तर चालते कसे? माझ्या मते फरक दिशेत आहे. दार बंद म्हणून माणूस नाव बदलून आत शिरतो, तेव्हा तो स्वतःचे काहीतरी बाहेर ठेवून येतो. दुसऱ्याच्या नावाने शिरणारा त्याच्यासाठी राखलेली इवलीशी जागा घेतो. वाद घालायला जागा आहे हे मान्य. पण नवलेखकाने पहिल्याच पुस्तकाला हा वाद गळ्यात बांधून घेऊ नये.

पायरी ७ : ते नाव आधीच कुणाचे तरी आहे का?

विक्रीची संकेतस्थळे, मोठ्या ग्रंथालयांच्या सूची आणि साधे शोधयंत्र, तिन्हीकडे नाव टाकून पाहा. आसपासची एकदोन शुद्धलेखने पण टाका. नावाला कॉपीराइट नसतो, पण प्रसिद्ध लेखकाच्या नावावर आपला माल खपवतो आहोत असे दिसले तर कायदेशीर अडचण येऊ शकते. शिवाय वाचकांचा घोळ होतो तो वेगळाच.

खऱ्या नावालाही हे लागू आहे. १८९९ साली इंग्लंडच्या विन्स्टन चर्चिल यांच्या लक्षात आले की अमेरिकेत याच नावाचा एक कादंबरीकार आहे आणि तो आपल्यापेक्षा पुष्कळ खपतो. त्यांनी त्याला पत्र लिहून कळवले की यापुढे आपण 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करू. अमेरिकनाला मधले नावच नव्हते, त्यामुळे तोडगा इंग्रजांकडूनच येणे भाग होते. नाव जुळत असेल तर मधला शब्द जोडणे हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पायरी ८ : कागदपत्रे

मुखपृष्ठावर काहीही असो, करारनामा अधिकृत नावाने होतो. त्यात "अमुक या लेखननावाने लिहिणारे तमुक" असा उल्लेख करून घ्या, आणि पुस्तकावर नेमके कोणते नाव, कोणत्या अक्षरांत छापायचे हे कलम म्हणून घाला. रॉयल्टी अधिकृत नावाच्या बँक खात्यावर येते, करही त्याच नावाने भरायचा. स्वतः ऑनलाइन प्रकाशन करणाऱ्यांनी खाते खऱ्या नावाने उघडावे आणि लेखकाच्या रकान्यात लेखननाव भरावे.

कॉपीराइटचे एक कलम नवख्यांना ठाऊक नसते. १८८६ पासून चालत आलेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार टोपणनावामागचा लेखक कोण हे निःसंशय माहीत असेल तर संरक्षणाची मुदत नेहमीसारखी मोजतात: लेखकाची हयात आणि त्यानंतर किमान ५० वर्षे. ओळख गुप्त असेल तर ती कृती कायदेशीररीत्या लोकांपुढे आल्यापासून ५० वर्षांची. अनेक देशांनी ही वर्षे वाढवली आहेत, पण हिशेबाची पद्धत अशीच दुहेरी आहे. तरुणपणी लिहिलेल्या पुस्तकाच्या बाबतीत हा फरक वारसांना जाणवेल एवढा मोठा ठरतो. म्हणून ओळख लपवायची नसेल तर कॉपीराइटच्या पानावर खरे नाव छापून टाका.

लेखकांसाठी आयएसएनआय नावाचा १६ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. खरे नाव आणि लेखननाव या दोन वेगळ्या सार्वजनिक ओळखी धरून त्यांना वेगळे क्रमांक मिळतात आणि हवे तर ते जोडता येतात. संशोधनपर लेखन करणाऱ्यांनी ऑर्किड नावाचा संशोधकांसाठीचा ओळखक्रमांक घ्यावा. तिथे एका माणसाखाली अनेक नावे नोंदवता येतात, त्यामुळे नाव बदलले तरी जुने निबंध पोरके होत नाहीत.

पायरी ९ : उघड की गुपित?

उघड लेखननाव ठेवणे सोपे आहे. गुपित सांभाळणे ही दुसरी नोकरी आहे.

रोमँ गारी यांची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी. व्हिल्नाला जन्मलेले रोमान कात्सेव्ह फ्रान्सला आले आणि परके आडनाव टाकून गारी झाले. १९५६ साली त्यांना गाँकूर हे फ्रेंच साहित्यातले मानाचे पारितोषिक मिळाले, जे एका लेखकाला एकदाच मिळते. मग त्यांनी एमिल आजार या नावाने लिहायला घेतले आणि १९७५ साली आजारला गाँकूर जाहीर झाले! पत्रकार आजारला भेटायला मागू लागले, तेव्हा नात्यातल्या एका तरुणाला आजार म्हणून पुढे करावे लागले. १९८० साली गारी यांनी आत्महत्या केली, आणि सत्य त्यानंतर बाहेर आले. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांचे रिचर्ड बाकमन हे गुप्त लेखननाव १९८५ पर्यंत टिकले. एका पुस्तकदुकानातल्या कर्मचाऱ्याला शैलीचा संशय आला आणि त्याने कॉपीराइटच्या नोंदी चाळल्या. एका पुस्तकाच्या नोंदीत किंग यांचे नाव होते.

गुपित ठेवायचे तर आधी ठरवा की फुटल्यावर काय सांगणार. दोन वाक्यांचे खरे उत्तर लिहून प्रकाशकाकडेही देऊन ठेवा. ते उत्तर लिहिताना शरम वाटत असेल तर सहाव्या पायरीकडे परत जा.

पायरी १० : छपाईला जाण्यापूर्वी

नाव कुठे कुठे छापले जाते ते मोजा: मुखपृष्ठ, पुस्तकाचा कणा, आतले शीर्षकपान, कॉपीराइटचे पान, मलपृष्ठावरचा परिचय, विक्रेत्याच्या यादीतली नोंद, ई-पुस्तकाच्या फाइलमधली लपलेली माहिती. सातही ठिकाणी अक्षर न् अक्षर एकच हवे. परक्या वाटणाऱ्या नावात चूक झाली तर मुद्रितशोधकाच्या डोळ्याला ती खटकत नाही, त्याला मूळचे रूपच ओळखीचे नसते. म्हणून हे काम त्याच्यावर टाकू नका. शेवटचे प्रूफ मागवा आणि आपले नाव आपणच, उलट्या क्रमाने, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचा.